जिनवाल्या शेठची सलामी

तुळशीरामशेठनी ग्रामोफोन माझ्या टेबलावर ठेवला, चावी दिली आणि सुई टेकवली. आधी क्लॅरनेट, मागून कॉर्नेट, मग ढोल. शेठ ताडकन उभे राहिले. सवयीनं. आपण वकिलाच्या ऑफिसात आहोत हे ध्यानात येताच पुन्हा खुर्चीत बसले.

"ओयखली का?" त्यांनी विचारलं.

ओळखली होती; शेठच्या फाटकावरची सलामी. दुसऱ्या महायुद्धाच्या थोड्या आधीची ही गोष्ट. मी वाशीमला वकिली करत होतो आणि शेठचं जिन कारंज्याला होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. असे कारखाने कारंज्यात बरेच होते, पण मालकाला सलामी देणारा बँड फक्त शेठच्याच फाटकावर उभा असे. शेठना रावसाहेब व्हायचं होतं. सरकार काही मनावर घेईना, म्हणून पदवीच्या आधी सलामीची सोय त्यांनी स्वतःच करून घेतली होती.

"ही तबकडी बाजारात इकून राह्यले," शेठ म्हणाले. "हाटेलात वाजते, वकीलसायेब! न्हावी चहा प्याले आला का पोट्टे वरडतात, लावा रे, शेठ आले! काल तं हाटेलासमोर गाढव उभं होतं..."

त्यांनी सुई उचलून बाजूला केली.

तबकडीवर नाव होतं लतीफ मास्तरांचं. हे कारंज्याचेच क्लॅरनेटवाले. शेठनी हंगामभर त्यांना जिनवर ठेवून घेतलं, बँड तयार करवला आणि ही गत, म्हणजे वाद्यांवरची रचना, बसवून घेतली. पुढे मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीला ती आवडली. मास्तर मुंबईला जाऊन वाजवून आले. शेठना पत्ता लागला तो हॉटेलात.

"विक्री बंद करा. अन त्यानं ती गत पुन्हा कोठीच वाजवली नाई पायजे. सलामी माही हाय."

"लिहून घेतलं होतं का, की सगळे हक्क तुमचे?"

"लिवून कायले घ्याचं? दाम मोजला. फोटोवाल्याले पैसे देल्ले, तो फोटो माहा. बँडवाल्याले देल्ले, तं सलामी माही काऊन नाई?"

प्रश्न चांगला होता. उत्तर त्याहून विचित्र होतं. कायदा म्हणे, पैसे देऊन फोटो काढवला तर हक्क पैसे देणाऱ्याचा. पण पैसे देऊन संगीत करवलं तर हक्क करणाऱ्याचाच. सहीनिशी लिहून दिला, तरच तो दुसऱ्याकडे जातो. अपवाद एक. करणारा नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्यानं ते केलं असेल, तर हक्क मालकाचा.

घरी दिवाणखान्यात दुसऱ्याच कोणाचं तरी कुटुंब जेवायला बसलेलं दिसावं, तसा शेठचा चेहरा झाला होता.

"म्हंजे तो माहा नोकर होता, असं सांगाचं?"

"होता का?"

"होताच!"

"दुसरा काही संबंध? मैत्री, भागीदारी, देणंघेणं?"

"काईच नाई," शेठ म्हणाले. मी विश्वास ठेवला.

असा दावा जिल्हा न्यायाधीशापुढेच चालतो आणि आमचा जिल्हा तेव्हा अकोला, म्हणून अकोल्याला गेलो. दाव्याची बातमी कळताच कंपनीनं मास्तरांची पुढची रेकॉर्ड थांबवली. निकाल आमच्या बाजूनं लागता, तर मास्तरांना स्वतःची गत स्वतःच्याच तोंडानं फुंकता आली नसती. चाळीस पार केलेल्या या माणसाच्या नावावर तेवढी एकच रेकॉर्ड होती. सुनावणीच्या दिवशी ते कोर्टात क्लॅरनेटची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. कोणी हिसकावून नेईल अशी तिच्यावर दोन्ही हातांची पकड.

माझी बाजू मी नीट मांडली. मास्तर जिनच्या खोलीत राहिले, जिनच्या बँडचा लाल डगला घातला, जिनच्या भोंग्यावर कामाला आले. मग मास्तरांची उलटतपासणी सुरू केली.

"ही चाल तुम्हीच रचली?"

"नाई जी. चाल जुनी हाय. आमच्या आजोळची, आसेगावची. डफड्यावर वाजवतात."

मला आनंद झाला. चाल त्यांची नाही, तर हक्क कसला? मी विचारलं, "कधी वाजवतात?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, असं माझे सीनियर सांगत. मी तो विचारला.

"पोळ्याले," मास्तर म्हणाले. "बैलं तोरनाखालून निघाले का."

कोर्टात कारंज्याची बरीच मंडळी बसली होती. मागच्या बाकावरून हसू फुटलं, फुटक्या पखालीसारखं. जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मी शेठकडे बघितलं नाही. आख्खा हंगाम ते या चालीवर मोटारीतून उतरले होते.

"मग यात तुमचं काय आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

मास्तर हात जोडून म्हणाले, "हुजूर, शेठ बोलले, राजासारखं पायजे. म्या ते धिमं केलं. डफड्याचं काम ढोलाले देल्लं, चाल क्लॅरनेटले. कॉर्नेटले मधातल्या खाली जागा भराले लावलं. चाल बैलाची, पन चालनं राजाचं."

मला समजून घ्यायला वकिलीची वीस वर्षं लागली असती ते यांनी चार वाक्यांत सांगितलं, असं म्हणायचा मोह होतो. खरं म्हणजे मला ते तेव्हा कळलंच नाही. जज्जसाहेबांना कळलं. जुनी चाल कोणाचीच नसते. तिच्यावर चढवलेला साज चढवणाऱ्याचा असतो, असं त्यांनी टिपून घेतलं. नोकरीचा मुद्दा तेवढा माझ्या हातात उरला.

शेठ पिंजऱ्यात उभे राहिले. मास्तरांचे वकील आबासाहेब म्हातारे, कानानं थोडे अधू, घाई म्हणून नाही.

"शेठजी, लतीफ मास्तर तुमचे कोण?"

"नोकर."

"फाटकावरच्या चौकीदारासारखे?"

"हौ. तसाच."

"चौकीदाराच्या पाया पडता?"

शेठ हसले. "म्या कायले पडू?"

आबासाहेबांनी एक मोठा फोटो पुढे केला.

गादीवर लतीफ मास्तर, गळ्यात हार. समोर जरीचा फेटा बांधलेले तुळशीरामशेठ गुडघे टेकून. मास्तर त्यांच्या मनगटाला गंडा बांधताहेत. गंडा म्हणजे उस्ताद शागिर्दाला बांधतो तो दोरा. तो बांधला की उस्ताद बापाच्या जागी. त्याचं नाव घेताना, त्याची चीज ऐकताना शागिर्दानं कानाची पाळी धरायची. फोटोत मागे फलकही होता, समारंभाचं नाव ठसठशीत रंगवलेला. खाली शेठची सही आणि दोन शब्द: 'गुरुचरणी अर्पण'.

माझी पेन्सिल खाली पडली. मी वाकून शोधत राहिलो, कारण वर बघवेना.

नंतर कळलं ते असं. घरी उस्ताद ठेवल्यावाचून मोठेपणा नाही, असं कोणीतरी शेठच्या कानात घातलं होतं. त्यांनी पत्रिका छापल्या, गाव जेवू घातलं, अमरावतीहून फोटोवाला आणवला. फोटोच्या प्रती स्वतः वाटल्या. त्यातली एक मास्तरांना. मास्तरांकडे बाजाची पेटी मात्र तीनच दिवस शिकले.

"फोटो कायले दाखवता?" शेठ ओरडले. "फोटो माहा हाय!"

"तुमचाच आहे," आबासाहेब म्हणाले. "कायद्यानंही."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "शेठजी, एकच सांगा. नोकर, की गुरू?"

नोकर म्हणावं, तर सगळ्या गावासमोर आपण नोकरापुढे गुडघे टेकले. गुरू म्हणावं, तर दावा गेला. शेठनी माझ्याकडे पाहिलं. या दोन्हींच्या मधे काय असतं, ते मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पेटीवर हात ठेवून खाली मान घालून बसले होते.

"गुरू हायेत," शेठ म्हणाले. आवाज त्यांचा वाटला नाही.

दावा फेटाळला गेला. बाहेर कडुनिंबाखाली मास्तर विडी पेटवत होते. शेठ थोडं अंतर ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "इचारा तं... जिनात ती वाजवाले परवानगी..."

मास्तरांनी ऐकलं. विडी टाकली. "शागिर्दाले कायची परवानगी, शेठ? खुशाल वाजवा. पन उस्तादाची चीज आयकताना काय करतात, ते पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तुमाले."

पुढच्या हंगामात कामासाठी कारंज्याला गेलो, तेव्हा जिनच्या फाटकाशी थांबलो. मोटार आली. बँड सुरू झाला. शेठ उतरले, जागच्या जागी उभे राहिले आणि गत संपेपर्यंत डाव्या हातानं कानाची पाळी धरून, मान खाली घालून राहिले. कापूस आणणारे गाडीवाले बैल थांबवून बघत होते. बैलांनाही चाल ओळखीची असावी.

कोणाकडून संगीत करवून घ्यायचं असेल, तर हक्काचा कागद आधी करावा. आणि वकिलाकडे जाण्यापूर्वी आपल्या भिंतीवरचे फोटो एकदा पाहून घ्यावेत.