भिंगरीचं घर आणि जावयाचे चार दात

माझ्या भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी स्वस्थ उभी राहिलेली मी पाहिलेली नाही. ती कवळ्या करते. दंतवैद्य तिच्याकडे तोंडांचे साचे पाठवतात आणि ती मागच्या खोलीत प्लास्टर, मेण, कानशी यांचा पसारा मांडून लोकांना हसण्यालायक करते. मीही तिनंच केलेले दात लावून फिरते, तेव्हा मी कुणाच्या बाजूची हे उघड आहे.

तिचं लग्नही दातांवरूनच जमलं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक उंच मुलगा सायकलसकट भिंतीवर आदळला, वरचे पुढचे चार दात गेले, ते हिनं करून दिले. तो हसला आणि ही प्रेमात पडली. स्वतःच्या कामाच्या, असं माझं मत. पण मला विचारतो कोण? दोघांनी मिळून कर्ज काढलं आणि तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. नवरा लिफ्टवाला आणि इमारतीला लिफ्ट नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

पुढे त्यांचं पटेना आणि दोघं वेगळी झाली. लग्न त्या मानानं लवकर सुटलं, कर्ज सुटेना. बँकेच्या हातात दोन माना असताना ती एक कशाला सोडेल? भिंगरीनं गाडी आणि साठवलेलं होतं नव्हतं ते त्याच्या वाट्याचं म्हणून देऊन टाकलं, आपल्या कमाईचे कागद नेऊन नेऊन बँकेचा उंबरा झिजवला, तेव्हा कुठे कर्ज तिच्या एकटीच्या नावावर करायला बँक तयार झाली. अट एकच: नवऱ्यानं समोर येऊन, घरावरचा हक्क आपण राजीखुशीनं सोडतो असं तोंडानं सांगायचं आणि सही करायची. मंजुरीची मुदत त्या शुक्रवारी संपत होती. ती हुकली तर घर विकायचं, असं दोघांत ठरलं होतं. आणि घर गेलं की कवळ्यांची खोलीही गेली; एवढी धूळ आणि घरघर कुठला घरमालक सहन करतो?

शुक्रवारी मी भिंगरीबरोबर बँकेत गेले. जावईबापू वेळेवर आले, पण तोंड शिवल्यासारखे बसले. मी म्हटलं, “काय रे, बरा आहेस ना?” त्यानं मान हलवली.

कर्जाच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “हक्क राजीखुशीनं सोडताय ना?”

पुन्हा मान.

“मान नको, शब्द हवेत. कुणी दबाव आणलाय का?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं होतं?

त्यानं जोरजोरात मान हलवली. बाईंनी फाइल मिटली. “मग आज राहू दे. नीट विचार करून या.”

भिंगरीचा चेहरा प्लास्टरसारखा झाला. तेवढ्यात तो घाईघाईनं “नाही, मी—” म्हणाला आणि त्याचे चार दात तोंडातून उडून थेट शिक्क्याच्या शाईवर जाऊन बसले.

बाईंनी खुर्ची मागे ओढली. भिंगरी मात्र घर, कर्ज, मुदत सगळं विसरली. तिनं ते निळे दात उचलून दिव्यासमोर धरले.

“हे कुणाचं काम?”

तो तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटला.

“शेणाचे केले असते तरी जास्त घट्ट बसले असते. माझे कुठे गेले?”

“किल्ल्यांबरोबर परत पाठवले ना,” तो हाताआडून म्हणाला. “म्हटलं, तुझं काही नको.”

“दात म्हणजे काय शेजारणीची वाटी आहे, परत करायला?”

तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. त्यानं पाठवलेलं किल्ल्यांचं पाकीट त्यातच होतं, अजून न फोडलेलं. किल्ल्या बँकेला दाखवाव्या लागतील, अशी तिची समजूत. कशासाठी, ते मला विचारू नका. पाकीट फोडून किल्ल्यांच्या जुडग्यातून तिनं आपले दात सोडवले, पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धुतले आणि त्याच्या हातावर ठेवले. तो भिंतीकडे वळला. टक् असा आवाज झाला.

मग वळून तो दारावरच्या रखवालदारालाही ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात म्हणाला, “घरावरचा हक्क मी राजीखुशीनं सोडतो. कुणाचाही दबाव नाही. मावशींचासुद्धा.”

बाईंना शिक्का मारता येईना, इतक्या त्या हसत होत्या. शेवटी मारला, जरा वाकडाच, पण मारला.

परवा मी भिंगरीकडे गेले होते, तेव्हा बेल वाजली. दारावर आता तिच्या एकटीच्या नावाची पाटी आहे. बाहेर हा, तीन जिने चढून धापा टाकत. एक दात हलत होता. तिनं गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवून साच्याच्या लगद्यानं त्याचं तोंड गच्च भरलं.

“आता हलायचं नाही आणि बोलायचंही नाही,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “मावशी, ही सोय लग्नात हवी होती गं.”

तो खुर्चीसकट गदगदून हसायला लागला आणि साचा बिघडला. तिनं दुसरा घेतला आणि पैसे दोन्हींचे लावले.