फिल्मवर नसलेला ठिपका

"विजूदादा, गाडी परत फिरवू का?" मधुकाकांच्या मुलाने, नितीनने, फोनवर एवढंच विचारलं. मागून अँब्युलन्सचा सायरन ऐकू येत होता, मग तो कुणीतरी बंद केला. त्यावरून मला कळलं, काका गेले. मी विचारलं, कुठे आहात. तो म्हणाला, "निंबोला आलंय." म्हणजे बुऱ्हाणपूर सोडून धड अर्धा तासही झाला नव्हता आणि इंदूर अजून कितीतरी लांब होतं. मी म्हणालो, फिरव. मधुकाकांबद्दल मी घेतलेला हा शेवटचा निर्णय. तेवढाच बरोबर होता… आदल्या दिवशीचे चुकले होते. ते कुणाला माहीत नाहीत म्हणून हे लिहितो आहे.

मधुकर चौधरी आमच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं एक्स-रे काढत होते. मी त्यांचा नातेवाईक नव्हे. जसोंडीहून बाविसाव्या वर्षी ट्रेनिंगला आलो, पहिल्या दिवशी त्यांना 'सर' म्हणालो, तर ते म्हणाले, "सर वरच्या मजल्यावर बसतात, त्यांना पंखा आहे. मी काका." तेव्हा डार्करूम होती. त्या अंधारात औषधाच्या वासात उभे राहून ते ओली फिल्म लाल दिव्यासमोर धरायचे आणि मला विचारायचे, "काय दिसतं?" मी हाड, फट, सावली असं सांगायचो. ते म्हणायचे, "आणि काय दिसत नाही ते सांग." मला ते उगाच कोड्यात बोलतात असं वाटायचं. आता वाटत नाही.

त्यांची एक सवय सगळ्या दवाखान्यात चेष्टेचा विषय होती. तापीवर मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी जाळ्याच्या कडेला बांधतात ती शिशाची गोळी आणली होती, हरभऱ्याएवढी. रोगी टेबलावर आला की ते आधी विचारायचे, "एका बोटानं दाखव, कुठं दुखतं." पूर्ण हात फिरवला तर चालायचं नाही. एकच बोट. मग त्या जागी चिकटपट्टीने ती गोळी लावायची आणि फोटो काढायचा. फिल्मवर तिथे पांढराशुभ्र ठिपका उमटायचा. फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरला माणूस दिसत नसला तरी त्याचं बोट दिसायचं. "फोटो जागेचा निघतो, विज्या," ते म्हणायचे. "दुखणं आपण विचारून लिहायचं असतं. मनानं लिहायचं नाही."

पुढे मी एका खाजगी दवाखान्यात लागलो, इमेजिंगचा इनचार्ज झालो. डिजिटल मशीन आलं, शेजारच्या खोलीत सीटी आला. आता फोटो काढला की तो पाच मिनिटांत इंदूरला बसलेल्या रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर जातो. ते दिवसभर वीस गावांचे फोटो वाचतात. रोगी त्यांना दिसत नाही, फक्त फोटो आणि त्याच्यासोबतची एक ओळ दिसते. तिला आम्ही हिस्ट्री म्हणतो. ती डॉक्टरने लिहायची असते. गर्दीत ती मी लिहितो. आमच्याकडे केळीचा माल. पाठ धरून येणाऱ्या दहांतले सात घड उचलून आलेले असतात. त्यामुळे पाठदुखी आली की आमची बोटं आपोआप टाइप करतात: घड उचलला, पाठीत चमक. काका निवृत्तीनंतरही अधूनमधून यायचे, माझ्या खुर्चीत बसून ती ओळ वाचायचे आणि म्हणायचे, "तुमच्या गावात दुसरं काही होतच नाही का रे?"

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते काकूंसोबत रिक्षाने आले. चालत आले, पण भिंतीला धरून. दोन्ही खांद्यांच्या मधे दुखत होतं. चेहऱ्यावर घाम होता, थंडीचे दिवस असून. ईसीजी चांगला निघाला. ड्यूटीवर भोपाळचा तरुण डॉक्टर होता, बाहेर अपघाताचे तीन रोगी एकदम आलेले. मी काकांना स्वतः आत घेतलं. घरचं माणूस, रांगेत कशाला. काकू मागे आल्या तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

"काय काका, घड उचलला का?" मी हसून विचारलं.

"हो, उचलला ना," ते दातावर दात दाबून म्हणाले. "दोन उचलले. एक तुझ्या डोक्यावर ठेवायला."

मी हसलो. आणि लिहिलं… घड उचलला, पाठीत चमक.

ते टेबलाशी उभे राहिले, खिशात हात घातला आणि ती शिशाची गोळी काढली. घरून निघताना ती खिशात टाकायला त्यांना सुचलं होतं, एवढं दुखत असताना. म्हणाले, "हे लाव. इथं, बरोबर मधे. विज्या, हे हाडाचं नाही रे वाटत." मी म्हणालो, "काका, आता फिल्म नाही, सेन्सर आहे. हे लावलं तर इंदूरवाले लिहितील, पाठीत गोळी लागली, पोलिसांना कळवा." माझ्यासोबतचा जोडीदार टेक्निशियन हसला. काकाही हसले, छातीवर हात धरून. गोळी मी त्यांच्या हातातून घेतली आणि बाजूच्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली. तिचा झालेला टण् असा आवाज मला अजून येतो.

रिपोर्ट लवकर आला: मणक्याला इजा नाही, वयानुसार झीज. फोटो आणि ओळ, दोन्हींशी जुळणारा रिपोर्ट. डॉक्टरने तरी विचारलं, "सीटी कर लें क्या? चाचाजी को पसीना बहुत है." मी म्हणालो, "घर के आदमी हैं, साब. मैं जानता हूँ. घड़ उठाया है. इस उमर में किडनी पे सीटी की दवा का लोड क्यों डालना." तो दमलेला होता आणि मी वीस वर्षांचा अनुभवी. त्याने इंजेक्शन दिलं, दुखणं उतरलं. जाताना काकांनी रिपोर्ट हातात घेऊन वाचला. "नॉर्मल," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही जे विचारलं ते नॉर्मल." मी म्हणालो, "काका, आता घरी जा, गरम पाण्याची पिशवी घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी नितीन त्यांना उचलून घेऊन आला. तेव्हा सीटी केला. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटत गेलेली… पडद्यावर इतकी स्पष्ट की माझ्या जोडीदारानेही तोंड फिरवलं. इंदूरला न्या म्हणाले. पुढचं वर सांगितलंच आहे.

नंतर मी आदल्या दिवशीचा तो साधा फोटो एका जुन्या, ओळखीच्या रेडिओलॉजिस्टना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. म्हणाले, "छातीच्या मधली सावली किंचित रुंद आहे. पण फक्त यावरून कुणी छातीठोक सांगणार नाही, आणि कित्येकदा साध्या फोटोत काहीच दिसत नाही. दुखणं अचानक आलं का, बसल्या जागी आलं का, त्यावर सगळं असतं. तसं कुणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, आधी सीटी कर." मग त्यांनी खालची ओळ वाचली आणि फोटो बंद केला.

दवाखान्यात कुणी काही विचारलं नाही. डॉक्टर एकदाच म्हणाला, "आपने बोला था ना, घड़ उठाया," आणि नंतर माझ्याशी नजर मिळवेनासा झाला. तेराव्याला नातेवाईक माझा हात धरून म्हणत होते, तुम्ही होते म्हणून तरी लगेच नंबर लागला. वेळ आली होती, दुसरं काय. नितीनने मला शेजारी बसवून घेतलं, पहिलं ताट माझ्यासमोर वाढायला लावलं. मी ते जेवलो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी शेवटपर्यंत जेवलो.

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेलो. त्यांनीच विचारलं होतं, "त्यांची ती गोळी तुझ्याकडं राहिली का? सदरा धुवायला काढला तर खिशात नव्हती." मी ती ट्रेमधून शोधून रुमालात बांधून नेली आणि त्यांच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं. ओळ, चेष्टा, सीटी. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून गेलो असतो.

काकू गोळीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "घड कसला? ते तुरीच्या शेंगा सोलत बसले होते ओट्यावर. बोलता बोलता ताट हातातून पडलं. म्हणाले, कुणीतरी आतून कापड फाडतंय असं वाटतं. हेच शब्द." पुढे म्हणाल्या, "मी तर बाहेरच बसले होते, विजय. बाकावर. कुणी विचारायला आलं असतं तर सांगितलं असतं."

मी माफी मागितली. त्या 'जाऊ दे' म्हणाल्या नाहीत. पंचवीस वर्षांत त्या घरातून मी पहिल्यांदा चहा न घेता उठलो; त्यांनी विचारला नाही. दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हाक मारली, रुमाल माझ्या हातात दिला. "हे घेऊन जा. इथं कुणाला उपयोग आहे याचा?"

आता ती गोळी माझ्या टेबलावर असते. रोगी आला की मी बाहेर जाऊन सोबतच्या माणसाला आधी विचारतो, काय करत होते, दुखणं कधी आलं, कसं आलं. मग रोग्याला म्हणतो, एका बोटानं दाखवा. रांग लांबते, जोडीदार कुरकुरतो. परवा इंदूरहून फोन आला, "अरे भाई, ये हर फोटो में सफेद दाग कैसा? मशीन ख़राब है क्या?" मी सांगितलं, मशीन ठीक आहे, साहेब. तिथं दुखतं.

काकांचा फोटो सिस्टिममध्ये आहे. पाठवलेली ओळ नंतर बदलता येत नाही, त्यामुळे त्यांच्या नावाखाली अजून तेच आहे, घड उचलला. कधीकधी दुपारी खोली रिकामी असली की मी तो उघडतो. मणके, फासळ्या, मधली ती सावली, सगळं जिथल्या तिथे. दोन खांद्यांच्या मधे मी बघत राहतो… तिथे ठिपका नाही.