मामांच्या हाताचा मोळ

मी आज जो काही आहे तो माझ्या मामांमुळे, आणि साऱ्या बंगळुरात त्यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही, ही दोन्ही विधाने मी शपथेवर करायला तयार आहे. निपाणीकडच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शिकायला आलो तेव्हा बनशंकरीच्या पुढे, शहर जिथे दमून थांबते तिथे, मामांच्या शेवंतीच्या मळ्यात राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीशी उभे करून आपल्या हाताने मोजले. म्हणाले, "स्वल्प वाढायला पाहिजे. जेव आधी."

मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे माप. इथे गजरे याच मापाने विकतात, आणि कुणाच्या हाताने मोजायचे यावरून रोज भांडणे होतात. मामांचा हात मुळातच लांब. त्यातून मोजताना ते दोन बोटे पुढे सरकत. गिऱ्हाइके खूश, मामी चिंतेत. खाट, भोपळा, शेजारचा होऊ घातलेला जावई, सगळे ते मोळातच मोजत. फोन मात्र उचलत नाहीत. "तोंड दिसत नाही त्याच्याशी काय बोलायचं? पत्रात निदान अक्षर दिसतं." म्हणून मी मारतहळ्ळीहून, एकाच शहरात, त्यांना पत्रे लिहितो.

लॉकडाऊनमध्ये फुलबाजार बंद पडला. शेजाऱ्यांनी फुले खुडून बांधावर टाकली. मामा रोज स्कूटरवर हार लादून स्मशानाच्या दाराशी जात आणि हाराविना आलेल्या प्रत्येकासाठी एक हार देत. पैसे घेत नसत. मापही तेच, दोन बोटे जास्त.

मग सरकारने फूलशेतकऱ्यांना मदत जाहीर केली. पुढच्या लागवडीची रोपे त्या पैशांवरच येणार होती. नाही तर प्लॉट पाडणारा दलाल फाटकाशी उभाच होता. पाहणीला आलेला अधिकारी भला माणूस होता.

"अण्णा, 'पीक वाया गेले' असं छापलंय, तिथे सही करा. सरी? ठीक आहे ना?"

"वाया कुठे गेलं? ज्यांच्या गळ्यात घातलं त्यांना विचारा."

"ते तर गेले, अण्णा."

"मग त्यांच्या घरच्यांना विचारा."

मामी आतून म्हणाल्या, "अहो, सही करा की. सगळ्यांनी केलीय." मामांनी ते छापील वाक्य खोडले आणि वर लिहिले, 'सगळी फुले कामी आली.' मी समजावले की विक्री बुडाली हेही नुकसानच आहे. "मग तसं छापा म्हणावं," ते म्हणाले. मदत अडकली. दलालाला त्यांनी फाटकाबाहेरूनच परत पाठवले, शेजाऱ्यांकडून शेवंतीचे फुटवे मागून आणले आणि अर्धा मळा लावला. उरलेला अर्धा अजून पडून आहे.

अर्जावर पत्ता माझा होता, म्हणून गेल्या महिन्यात कचेरीचा कागद माझ्याकडे आला: 'पीक वाया गेले' यावर सही द्या, नाही तर प्रकरण बंद. त्याच दिवशी मी मामांना लिहिले:

"ती. मामांना साष्टांग नमस्कार. कचेरीला तुमच्या वतीने कळवले आहे की फुले वाया गेली नाहीत, प्रकरण खुशाल बंद करावे. तुम्हाला विचारले नाही. उत्तर माहीत होते. उरलेल्या अर्ध्या मळ्याची रोपे घेऊन रविवारी येतो. नको म्हणू नका. हट्ट मी तुमच्याकडूनच शिकलो. लावणी दोघे मिळून करू. फुले आली की गजरे मात्र तुम्हीच मोजा. माझा हात अजून दोन बोटे आखूड पडतो."