माझं आमेन

तरुण पोरं चर्चमध्ये उपासनेला का येत नाहीत, यावरून मी वर्षभर सगळ्या मंडळीचं डोकं खाल्लं होतं. पाळकसाहेब बीडहून महिन्यातून दोनदा येतात, एरवी आमच्या गावातली उपासना मीच चालवतो. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस मी, उपदेशाची खोड जुनीच. शेवटी एक रविवार पोरांच्या ताब्यात दिला. दोघांकडे ढोलकी आणि गाणी, एकाकडे शास्त्रवाचन, आणि प्रार्थना बारावीतल्या एका मुलीकडे.

तिने प्रार्थना वहीत लिहून आणली होती. मी वही मिटून बाजूला ठेवली. म्हटलं, "पाठ केलेलं नको. मनातलं बोल. देवाला तेच आवडतं." असलं काही बोललो की मला स्वतःचंच फार कौतुक वाटतं.

सगळ्यांनी डोळे मिटले. मुलीने पावसासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी, पाळकसाहेबांसाठी मागितलं. मग जरा थांबून म्हणाली, "प्रभू, माझं लगीन ठरवलंय. मला लई शिकायचंय. पप्पांना सांगायची माझी हिंमत होत न्हाई, तूच सांग. त्यांना म्हन..."

तिचे वडील, आमच्या मंडळीचे पंच, माझ्या शेजारीच बसले होते. बाकाची कड घट्ट धरलेला त्यांचा हात मला दिसला, कारण माझे डोळे उघडे होते. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आमेन."

आमच्याकडे उपासना चालवणाऱ्याने आमेन म्हटलं की सगळी मंडळी म्हणते आणि प्रार्थना संपते. तशी ती संपली. मुलगी माझ्याकडे बघत उभी राहिली. मी घाईघाईने पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

बाहेर चपला घालताना वडिलांनी माझा हात धरला. "सर, तुमी होता म्हनून अब्रू वाचली." मी "असू द्या" म्हणालो. त्या "असू द्या"ची मला आजही लाज वाटते. त्यांच्या घरी जाऊन चार शब्द बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं, माझा शब्द ते मोडत नसत. मी गेलो नाही. लग्नात मात्र पहिल्या पंगतीला बसून जेवलो.

हल्ली पोरं प्रार्थना करतात, नाही असं नाही. पण आधी कागद मला आणून दाखवतात. "सर, एवढं चालंल का?" मी चष्मा लावून वाचतो आणि कागद परत देताना त्यांच्याकडे बघत नाही.

नाताळाआधीच्या रविवारी ती तेलगावहून, सासरहून आली. कडेवर लेकरू होतं. उपासना सुरू होण्याआधी मी तिच्याजवळ गेलो. खरं तर माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "आज प्रार्थना करशील का? काय वाटेल ते बोल, मी मध्ये बोलणार नाही."

तिने लेकराचं टोपडं सारखं केलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला सोसवेना.

"तुमीच करा, सर," ती म्हणाली. "आमी आमेन म्हनतो."