सुईबाईंचा एक नकार

सुईबाई घरात आल्या की पोराचं नाव विचारायच्या आधी त्याच्या परसाकडची चौकशी करायच्या. "पातळ का घट्ट? रक्त पडते का?" तेही चारचौघांत, हातात चहाची बशी धरून. बाया तोंडाला पदर लावायच्या. मेडशीजवळच्या आमच्या गावात लस टोचायला येणाऱ्या या सरकारी नर्सचं खरं नाव मला माझी शाळा सुटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात मात्र त्या चौकशीला कुणी हसत नसे. माझी धाकटी बहीण कुसुम तीन वर्षांची होती आणि तिच्या आतड्याला जुनी सूज होती. दर महिन्याला आंव-रक्त पडायचं, मग ती पोट धरून भिंतीला टेकून बसायची. नागपूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिचे गाल फुगले होते. शेजारणी म्हणायच्या, पोरगी बाळसं धरून राह्यली. सुईबाईंचं डोकं फिरायचं. "बाळसं नोहे ते, गोळ्यायची सूज हाय," त्या सांगायच्या. कुणाला पटायचं नाही.

देवी टोचण्याची ती शेवटची वर्षं. बाईंनी माझा दंड टोचला, पण कुसुमला हात लावला नाही. "ह्या गोळ्या चालू असताना देवीची लस नाई देत. जिती लस असते ते, हिले बाधते." आईला हायसं वाटलं. त्या एका वाक्यानं आमचा घात केला.

पुढच्या हिवाळ्यात आसपासच्या गावांत डांग्या खोकला आला आणि सुईबाई त्यावरची त्रिगुणी लस घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"ही मेलेली लस हाय, वयनी. हिले चालते. हिलेच त पयले पायजे."

"तुमीच नाई म्हनलं होतं."

"ते देवीचं होतं."

"सुई त सुईच असते, बाई."

वडिलांनी तर गावभर सांगून ठेवलं होतं की नर्सबाईंनीच कुसुमला सुई वर्ज्य केली आहे. जसं कुणाला वांगं वर्ज्य असतं तसं. बाई दोनदा हात हलवत परत गेल्या.

तिसऱ्या खेपेला आईनं मलाच डोक्यावरून पांघरूण घालून, नुसता हात बाहेर ठेवून, कुसुम म्हणून पुढे केलं. वहीत कुसुमच्या नावापुढे खूण पडली की ही बाई यायची थांबेल, असं तिला वाटलं. बाईंनी माझी बाही वर केली, देवीच्या लशीचा वण पाहिला आणि सुई डब्यात परत ठेवली. चिडल्या असतील, पण आवाज चढला नाही. "नागपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी आनतो. मंग त ऐकसान?"

सुट्टी टाकून, एसटीचे धक्के खात त्या नागपूरला जाऊन आल्या. तोवर कुसुमला उबळ लागली होती. खोकता खोकता ती निळी पडायची. दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही.

मला आजही चीड येते. आईवर येते, वडिलांवर येते, आणि गुपचूप दंड पुढे करणाऱ्या माझ्यावरही.

तेरवीनंतर सुईबाई आल्या. आई म्हणाली, "बोला मले काय बोलाचं ते."

"तुमाले काय बोलू? देवीले नाई म्हनलं, तवाच दुसऱ्या सुईले हो म्हनून ठेवाले पायजे होतं मी."

त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. आईला वाचता येत नव्हतं. तिनं ती माझ्या हातात दिली आणि मी मोठ्यानं वाचली, "मुलीला त्रिगुणी लस जरूर द्यावी."