मुलगी पाहायला गेलो आणि ड्रम ठोकत बसलो

सांगायला लाज वाटते, पण चहा ओतलाच आहे तर ऐका.

त्या साली कापसाला भावच नव्हता. मी कामाला होतो तो सरकी काढायचा जिनिंग कारखाना दिवाळीनंतरही बंदच राहिला. अशात मामा मला मारेगावला मुलगी पाहायला घेऊन गेला. माझी शाळा नववीत सुटलेली, हातचं काम गेलेलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, पोरगा काय करते? मी पोह्यांकडे पाहत राहिलो.

मामा बोलून गेला, "गाडीचं सारं काम येते त्याले."

सारं काम म्हणजे काय? मित्राच्या गॅरेजात दोन महिने मी पाने-पकडी उचलून देत होतो!

वडील खूश. जुनी कार अंगणातच होती. मागच्या ब्रेकचे लायनर आणून ठेवलेले, पण मिस्त्री आठ दिवस नुसता येतो-येतो म्हणत होता. आता मी नाही कसं म्हणणार? मुलगी दारात उभी होती.

अंगणाला उतार. म्हणून मी पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक करकचून ओढला, जॅक लावून मागचं चाक काढलं. आतला लोखंडी ड्रम ओढला की लायनर समोर. पण ड्रम हलेना. हातोडीने ठोकला, हलेना. मामा म्हणाला, जंग लागला, रॉकेल ओत. ओतलं. शेजारचे दोघे आपापल्या हातोड्या घेऊन आले. मामाने पाय टेकवून जोर लावला, हात सटकला आणि तो थेट तुळशीच्या ओट्यावर जाऊन बसला.

माझा इस्तरीचा पांढरा शर्ट काळा झाला होता. तरी मी मिस्त्रीच्या थाटात सांगितलं, "ड्रम कामातून गेला, काका. नवाच लागते."

काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिने काचेतून गाडीत डोकावलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, ह्यायनं हँडब्रेक ओढून ठेवला हाये. मंग ड्रम कसा निंघन?"

हँडब्रेक मागच्या ड्रमलाच आतून धरून ठेवतो, हे मी गॅरेजात शंभरदा ऐकलं होतं हो!

तिने दार उघडून तो खाली केला. मी एक टिचकी मारली आणि ड्रम माझ्या मांडीत येऊन पडला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

परत येताना एसटीत मामा माझ्यापासून दोन सीट सोडून बसला. आणि चार दिवसांनी होकार आला! मला वाटलं, माझा साधेपणा आवडला असेल.

लग्नानंतर धीर करून तिलाच विचारलं.

"बाबा म्हने, पोरगा चांगला हाये," ती म्हणाली, "पण याले एकट्याले सोडणं बरं नाही."