सात आठवडे निरंक

नवा जिल्हा झाला तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरंच रडगाणं गाणार आहे. लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं म्हणून गुलाल उधळला गेला, त्यात मीही नाचलो होतो. दोन-अडीच वर्षांनी त्याच जिल्ह्याच्या एका कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो. आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेला मी पहिलाच. आईने विहारात मेणबत्त्या लावल्या आणि चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला, न विचारता, माझा हुद्दा सांगितला.

कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. खाली सायकलचं दुकान, वर आम्ही. खुर्च्या होत्या तर टेबलं नव्हती, कपाटं आली तर किल्ल्या आल्या नाहीत. छापील नमुने सगळे जुन्या जिल्ह्याचे. पट्टी ठेवून जुन्या जिल्ह्याचं नाव खोडायचं आणि वर आपलं लिहायचं, हे माझं पहिल्या महिन्याचं काम. शाई बोटांना इतकी लागायची की जेवताना भाकरीवर ठसे उमटायचे. नवा जिल्हा म्हणजे काय, तर हे.

त्या हिवाळ्यात वरून परिपत्रक आलं. थंडीतल्या तापाची साथ राज्यात कुठे किती आहे, हे दर आठवड्याला कळवायचं. सर्दी, ताप, खोकला आणि अंगदुखी एकत्र असलेला माणूस दिसला की तो मोजायचा. प्रत्येक आरोग्य केंद्राने शुक्रवारी आकडा टपालात टाकायचा, आम्ही सोमवारी दुपारपर्यंत तक्ता करायचा आणि फोनवरून वर वाचून दाखवायचा. साहेबांनी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि एक लाल पेन्सिल टोक करून ठेवली. जिथे ताप, तिथे लाल.

तक्ता माझ्याकडे आला. शिकवायला होते मोठे बाबू. लातूरचेच. बाप-आजा गंजगोलाईच्या बाजारात शिवणकाम करणारे आणि हे नोकरीत केस पिकवून बसलेले. पहिल्याच सोमवारी चार केंद्रांचे कागद आले नव्हते. मी तक्त्यातली त्यांची घरं कोरी ठेवली. बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला.

"खाली नक्को छोडो मियाँ. खाली देखे की वरून फोन येतो. निरंक लिख दो."

"पण कागदच आला नाही ना."

"मंग? आदमी बीमार रहता तो कागद आता. नै आया, म्हंजे सब खैरियत."

मी निरंक लिहिलं. निरंक म्हणजे काहीच नाही. फार सुबक शब्द आहे, घरात नीट बसतो. पुढच्या सोमवारी त्यातल्या तिघांचे कागद आले. चौथ्याचा आला नाही. तो पुढेही कधी आला नाही, आणि मी दर सोमवारी तिथे निरंक लिहीत गेलो. हे चौथं केंद्र माझ्या स्वतःच्या गावचं होतं, अहमदपूरच्या पलीकडचं.

आता कुणी विचारील, गड्या, तुला शंका आली नाही? नाही आली. मला वाटलं, आमची माणसं आजारी पडली तरी सांगणार कुणाला? उलट गंमत वाटायची. आमचं गाव किती निरोगी, असं मी बाबूंना म्हणायचो आणि दोघं चहा प्यायचो. नोकरी पक्की व्हायची होती, म्हणून मी रविवारीसुद्धा कचेरीत बसायचो आणि गावाकडे फिरकलोच नव्हतो. साहेब खूश होते. नकाशावर अहमदपूरच्या बाजूचा एक तुकडा स्वच्छ पांढरा होता आणि वरच्या साहेबांनी फोनवर त्याचं कौतुकही केलं होतं.

सातव्या आठवड्यात शनिवारी दुपारी एसटी धरली आणि गावी गेलो.

पावसाने दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्या धुळीने सगळेच खोकायचे, त्यामुळे कोण धुळीने खोकतंय आणि कोण तापाने, हे बाहेरच्याला कळलं नसतं. मला मात्र गल्लीत शिरताक्षणी कळलं, कारण खडीवर जाणारी कितीतरी माणसं घरात निजलेली होती. टँकर येऊन उभा होता आणि भोवती भांडणच नव्हतं. दुष्काळात टँकरभोवती भांडण नाही म्हणजे गाव आजारी आहे, एवढं कुणालाही समजतं.

आई वाकळ घेऊन पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं.

"कवापासून?"

"तीन रोज झाले. मला काय न्हाई रं, मी हाय बरी. शेजारी जाऊन बघ. ती लई खोकून राहिली."

शेजारी म्हणजे मावशी. नात्याने कुणी नव्हती. एकटी राहायची. आई मजुरीला जायची तेव्हा मी तिच्याच घरी वाढलो, पाटीवर पहिलं अक्षर तिच्या उंबऱ्यावर बसून गिरवलं. ती भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की दम लागत होता. मला बघून हसली. "सायेब आला," म्हणाली आणि पुढचं खोकल्यात गेलं.

मी तडक केंद्रात गेलो. डॉक्टरची जागा रिकामी होती. नव्या जिल्ह्यात अशा कितीतरी जागा रिकाम्या होत्या. एकटी सिस्टर. तिचेही डोळे तापाने लाल झालेले. मी जिल्ह्याच्या कचेरीत आहे एवढंच तिला माहीत होतं. मी काय लिहितो, ते नाही.

"भाऊ, तुमच्या हापिसात समदे झोपतेत का वो? दर शुक्रवारी पाकीट टाकते मी. आठ टाकले. गोळ्या संपून पंधरा रोज झाले. एक मानूस फिरकला न्हाई."

तिने जावक वही पुढे केली. आठ नोंदी. पहिल्या आठवड्यात नऊ रोगी, मग तेवीस, मग चढत चढत कालच्या शुक्रवारी एकशे चाळीस. मग तिने पाकिटांचा गठ्ठा दाखवला. कधीकाळी पुरवलेली छापील सरकारी पाकिटं. पत्त्याच्या जागी जुन्या जिल्ह्याचं ठिकाण छापलेलं होतं. तिने इमानेइतबारे आकडा आत घातला, तिकीट लावलं आणि पाकीट जुन्या जिल्ह्याला पाठवलं. तिथे कुणीतरी ते उघडलं असेल, हे आपलं नाही म्हणून बाजूला ठेवलं असेल. मी महिनाभर ज्या नावावर पट्टी धरून रेघा मारल्या, ते नाव पाकिटांवर खोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तक्ता मीच करतो, हे मी सिस्टरला सांगितलं नाही. "चौकशी करतो," म्हणालो. मला माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

सोमवारी सकाळी बाबूंना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, परत घातली आणि मला घेऊन साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "सात आठवडे निरंक, आणि आठव्याला एकशे चाळीस? वर काय सांगू? सगळं गाव रविवारी आजारी पडलं? पहिला प्रश्न येईल, निरंक कुणी लिहिलं. अक्षर कुणाचं आहे?"

अक्षर माझं होतं. सही त्यांची होती. सल्ला बाबूंचा होता. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमच्याकडे त्या साली दोन्ही कोरडे होते, तरी मधे आम्ही अडकलोच.

"पायरीपायरीने चढवू," साहेब म्हणाले. "या आठवड्यात दहा. मग पंचवीस. मग साठ."

"धा नक्को साब," बाबू म्हणाले. "धा बनावटी दिखता. ग्यारा लिखो. ग्यारा मोजल्यासारखा दिखता."

गोळ्या आकड्याप्रमाणे सुटायच्या, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. अकरा रोगी म्हणजे अकरांच्या गोळ्या. डॉक्टर आणि गाडी घेऊन निघणारं फिरतं पथक तर साठ झाल्याशिवाय हलायचं नाही. मी हे सगळं मनात मोजलं. पथक तिसऱ्या आठवड्यात जाईल. तोवर माणसं तग धरतील, असं मी मनाशी म्हणालो. का धरतील, याचं कारण माझ्याकडे नव्हतं. नोकरी पक्की व्हायला चार महिने उरले होते, हे मात्र होतं. मी अकरा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

सिस्टरला नवा पत्ता लिहून कळवला. औषधाच्या कोठीतल्या माणसाकडून आईसाठी गोळ्यांची एक पुडी आणि खोकल्याची बाटली मागून घेतली आणि अहमदपूरच्या कंडक्टरकडे दिली. त्यानेही ती इमानाने पोचवली. बघा, आपल्या माणसासाठी वाट बरोबर सापडते.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते सांगणं अवघड आहे. खोलीत बसवेना, कचेरीत बसवेना. सुट्टी मागावी तर साहेब विचारतील कशाला, आणि ते विचारणार नाहीत याचीही भीती. भिंतीवरच्या नकाशात आमच्या गावावर साहेबांनी फिकट लाल रेघ ओढली होती. अकरांची रेघ. मी खुर्ची फिरवून नकाशाकडे पाठ करून बसायला लागलो. चहा आला की बाबू माझा कप माझ्याकडे सरकवायचे. दुसऱ्या सोमवारी मी पंचवीस लिहिलं. सिस्टरचा खरा कागद त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या पत्त्यावर आला होता. त्यात एकशे बासष्ट होते. तो बाबूंनी खणात ठेवला आणि खण लोटला.

त्याच आठवड्यात बुधवारी मावशी गेली. मला शुक्रवारी निरोप मिळाला. तोवर सगळं उरकलं होतं. आईने माझ्या पुडीतल्या निम्म्या गोळ्या तिला दिल्या होत्या. निम्म्याने दोघींपैकी एकच उठली. तिसऱ्या सोमवारी तक्त्यातल्या मृत्यूच्या घरापाशी मी थांबलो. बाबू म्हणाले, बुढिया थी, उमर से गई, लिख दो निरंक. मी लिहिलं. आणि त्याच तक्त्यात, ठरल्याप्रमाणे, साठ रोगी चढवले.

साठ झाले आणि सरकार कसं धावलं ते बघायला हवं होतं. फिरतं पथक निघालं, गोळ्यांची खोकी निघाली, डॉक्टर निघाले आणि लिहून घ्यायला म्हणून माझी नेमणूक झाली. आम्ही पोचलो तोवर गाव बरं झालं होतं. माणसं परत खडीवर गेली होती. टँकरभोवती पुन्हा भांडण सुरू होतं. डॉक्टरांनी बऱ्या झालेल्या माणसांच्या छात्या तपासल्या, सिस्टरने गोळ्या वाटल्या. तक्ता मीच करतो, हे तिला पथकातल्या लोकांकडून कळलं होतं. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. जिल्ह्याच्या नकाशावर मात्र त्या आठवड्यात आमचं गाव सगळ्यात लाल होतं.

दुपारी मी घरी गेलो. आई दारात बसून जोंधळे निवडत होती. अशक्त दिसत होती, पण डोळे साफ होते. सिस्टरने दिलेली नवी पुडी तिच्या मांडीवर होती, न उघडलेली.

"सिस्टर म्हनली, आजारी किती हायेत ते तूच लिव्हतोस. खरं का?"

"हाव."

"मी आजारी होते त्या टायमाला आपल्या गावचे किती लिव्हलास?"

खोटं बोलता आलं असतं. "अकरा," मी म्हणालो.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, हिशेब मात्र पक्का. तिने सूप खाली ठेवलं आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत बोटांवर मोजायला लागली. कोपऱ्यावरच्या घरात चौघं निजलेले होते. त्याला लागून तिघी जावा, सात. मग दोघं म्हातारा-म्हातारी, नऊ. समोरची बाळंतीण, दहा. मग तिने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"अकरावी मी."

तिथे ती थांबली. आमच्या पुढचं दार मावशीचं होतं. त्याला बाहेरून कडी लावलेली होती. आईने त्या कडीकडे बघितलं आणि ती माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. खरंच समजून घेत होती.

"म्हंजे ती तुज्या कागदात आजारीच न्हवती?"

"नव्हती," मी म्हणालो.